गोगलगाय वाचताना गाय आठवते का?

मृगाच्या सरी पडून गेल्या की मावळातल्या भातखाचरांच्या बांधांवर गोगलगायी दिसू लागतात. ‘गोगलगाय’ हा शब्द तुम्ही आत्ता वाचलात. तो वाचताना क्षणभर तरी गाय मनात आली का? बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच असेल. आता त्याच वाक्यातला ‘भातखाचर’ घ्या. इथे भात आहे आणि खाचरही आहे. दोघांची बेरीज केली की अर्थ हाती येतो. घडणीने दोन्ही शब्द सारखेच. दोन तुकडे शेजारी ठेवले आणि वरून एक शिरोरेघ ओढली. मग वाचताना मेंदू दोघांना सारखेच वागवतो का? तो आधी तुकडे ओळखतो आणि मग त्यांची बेरीज करतो, की अख्खा शब्द एकदम उचलतो?

गोगलगाय आणखी एक पेच घालते. अर्थाने तिचा गाईशी काही संबंध उरलेला नाही, पण अनेकवचन करताना आपण ‘गोगलगायी’ म्हणतो आणि विभक्ती लावताना ‘गोगलगायीला’. ‘गाय’ या शब्दाला जे रूप, तेच तिला. म्हणजे व्याकरणाला आत गाय दिसते आणि अर्थाला दिसत नाही.

शाळेत आपण समास शिकतो तो विग्रह करण्यासाठी आणि गुण मिळवण्यासाठी. वाचणाऱ्याच्या डोक्यात सामासिक शब्दाचे काय होते, हा प्रश्न वेगळा आहे. भाषेचे आकलन प्रयोगांनी अभ्यासणाऱ्या शास्त्राने, म्हणजे मानसभाषाशास्त्राने, तो गेली पन्नास वर्षे लावून धरला आहे. ‘वाहतूककोंडी’, ‘पाणीकपात’, ‘दरडप्रवण’ असे शब्द रोज वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या मराठी माणसाला त्याची उत्तरे ठाऊक असायला हवीत, असे मला वाटते. कारण त्यांचा संबंध थेट आपल्या लिहिण्याशी आहे.

खोटे शब्द, खरी माहिती

या अभ्यासातला जुना आणि अजूनही वापरात असलेला प्रयोग अगदी साधा आहे. पडद्यावर अक्षरांची एक जुळणी येते. ती खरा शब्द आहे की नाही हे ओळखून समोरच्याने बटण दाबायचे. उत्तराला किती वेळ लागला ते यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजते.

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातील मार्कस टाफ्ट आणि केनेथ फोर्स्टर यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हीच पद्धत वापरली, पण बनावट शब्द मोठ्या विचाराने बेतले. काहींमधला पहिला तुकडा खरा इंग्रजी शब्द होता आणि दुसरा निरर्थक. काहींमध्ये पहिला निरर्थक, दुसरा खरा. काहींमध्ये दोन्ही निरर्थक. पहिला तुकडा खरा असला की ‘हा शब्द नाही’ असे म्हणायला लोकांना जास्त वेळ लागत होता. नुसता दुसरा तुकडा खरा असेल, तर तसा उशीर होत नव्हता.

मराठीत ‘पायठुमण’ आणि ‘फोयठुमण’ या दोन जुळण्या घेतल्या तर मुद्दा लक्षात येईल. दोन्ही खोट्या आहेत. पण पहिलीत ‘पाय’ दिसताच मन पायवाट, पायरी, पायपीट अशा शब्दांकडे वळते आणि तिथे काही सापडत नाही म्हणून परत येते. हा हेलपाटा म्हणजेच तो जास्तीचा वेळ. यातून टाफ्ट आणि फोर्स्टर यांनी निष्कर्ष काढला की सामासिक शब्द मनात शोधताना त्याचे पूर्वपद, म्हणजे पहिला तुकडा, वाट दाखवते.

यावर लगेच शंका येते. ‘पायवाट’ हा शब्द आपण हजारदा वाचलेला असतो. दरवेळी तो फोडून पुन्हा जोडायचा, एवढा खटाटोप मेंदू कशाला करील? या शंकेवर आज बहुतेक अभ्यासक देतात ते उत्तर असे की दोन्ही कामे एकाच वेळी सुरू होतात. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे काम करणाऱ्या रॉबर्ट श्रोडर आणि हाराल्ड बायेन यांनी १९९५ मध्ये या विचाराची नीट मांडणी केली.

खोपोलीहून लोणावळ्याला दोन गाड्या एकाच वेळी निघाल्या, असे समजा. एक द्रुतगती मार्गाने, दुसरी जुन्या महामार्गाने. कोणती आधी पोचेल हे त्या दिवशीच्या रहदारीवर ठरेल. अख्खा शब्द ओळखणे हा एक रस्ता आणि तुकडे जोडून अर्थ लावणे हा दुसरा. रोजचा, आखूड, सरावाचा शब्द असेल तर पहिला रस्ता मोकळा असतो. लांब किंवा नवा शब्द आला की पहिल्या रस्त्यावर कोंडी होते आणि दुसरी गाडी आधी पोचते. बोरघाटात काही अंतर हे दोन्ही रस्ते एकत्र येतात, तसेच मनातही होते. दोन वाटा एकमेकींपासून पूर्ण तुटलेल्या नसतात आणि एकीवर मिळालेली माहिती दुसरीला उपयोगी पडते.

शब्द तोच असला तरी दोन वाचकांच्या वाटा वेगळ्या असू शकतात, हेही यातून निघते. आंदर मावळात भात लावणाऱ्याला ‘भातखाचर’ हा अख्खा शब्द आहे. ‘चारसूत्री’ म्हटले की लागवडीची पद्धत त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते. चार सूत्रे मोजायला तो थांबत नाही. मुंबईहून वर्षासहलीला आलेल्या वाचकाला मात्र हेच शब्द तुकड्यांनी घ्यावे लागतात.

डोळा सरकत नाही, उडी मारतो

वाचताना आपली नजर ओळीवरून सलग सरकते, असे वाटते. तसे होत नाही. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच नेत्रवैद्य एमिल झवाल यांच्या काळापासून हे माहीत आहे. डोळा एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो आणि तिथून पुढे उडी मारतो. उडीच्या दरम्यान त्याला काही वाचता येत नाही. थांबलेला असतानाही त्याला स्पष्ट दिसतो तो अगदी छोटा टापू. त्याच्या आजूबाजूचे अंधूक दिसते आणि पुढची उडी कुठे मारायची एवढे ठरवायला ते पुरते. सरावलेला वाचकसुद्धा शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे मारतो.

आखूड शब्द एका थांब्यात मावतो. लांब शब्दाला दोन किंवा अधिक थांबे लागतात आणि संशोधकांना हवे असते ते इथेच मिळते. वाचकाची नजर पहिल्या तुकड्यावर किती वेळ राहिली, दुसऱ्यावर किती वेळ राहिली, हे कॅमेऱ्याने वेगवेगळे मोजता येते.

हे काम सर्वात चिकाटीने झाले ते फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात. फिनिश भाषेत सामासिक शब्द सलग लिहितात आणि ते भरपूर लांब असतात. युक्का ह्यूना यांनी अमेरिकेतल्या अलेक्झांडर पोलाटसेक यांच्यासोबत १९९८ मध्ये दाखवले की लांब जोडशब्दाचे पूर्वपद रोजच्या वापरातले असेल तर पहिला थांबा आखूड होतो, आणि ते क्वचित भेटणारे असेल तर लांबतो. उत्तरपदाचा, म्हणजे दुसऱ्या तुकड्याचा, परिणाम नंतरच्या थांब्यांवर दिसतो. पुढे २००३ मध्ये रेमंड बर्ट्राम आणि ह्यूना यांनी आखूड आणि लांब जोडशब्दांची तुलना केली. सात ते नऊ अक्षरचिन्हांचे शब्द अख्खे ओळखले जात होते आणि बारा किंवा त्याहून लांब शब्दांत पूर्वपदाच्या वाटेने काम होत होते. दोन रस्त्यांपैकी कोणता निवडायचा, हे बऱ्याच अंशी डोळ्याच्या मर्यादेवरच ठरत होते.

आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते द्रुतगती मार्गावर समजते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार पाव सेकंदात सुमारे सात मीटर पुढे जाते. ‘अपघातप्रवण क्षेत्र’ या पाटीवर नजरेचा एक थांबा वाढला, की तेवढा रस्ता मागे पडला.

गाय उघडते, पण अर्थापर्यंत पोचत नाही

आता गोगलगायीकडे येऊ. ज्या जोडशब्दात तुकड्यांचा अर्थ टिकून आहे त्याला अभ्यासक पारदर्शी म्हणतात. ज्यात तो हरवला आहे त्याला अपारदर्शी. ‘भातखाचर’, ‘पायवाट’, ‘घाटमाथा’ पारदर्शी. ‘गोगलगाय’ अपारदर्शी, आणि त्यातला ‘गोगल’ तर आज एकटा कुठे वापरातही नाही.

बेल्जियमचे डॉमिनिक सान्द्रा यांनी १९९० मध्ये डच शब्दांवर प्रयोग केले. तत्त्व असे की एक शब्द वाचला की त्याच्या अर्थाशी नाते असलेला पुढचा शब्द लवकर ओळखता येतो; ‘डॉक्टर’ वाचल्यावर ‘परिचारिका’ चटकन ओळखू येते. पारदर्शी जोडशब्दाआधी त्याच्या एखाद्या तुकड्याशी नाते असलेला शब्द दाखवला तर तो जोडशब्द लवकर ओळखला गेला. अपारदर्शी जोडशब्दाला असा फायदा झाला नाही. मराठीत सांगायचे तर आधी ‘दूध’ दाखवून ‘गोगलगाय’ लवकर ओळखता येणार नाही.

मग तिथे तुकडे पडतच नाहीत का? कॅनडातले गॅरी लिबेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये याला दुसरी बाजू दाखवली. त्यांनी जोडशब्दाआधी थेट त्याचा तुकडाच दाखवला. तेव्हा अपारदर्शी शब्दही लवकर ओळखले गेले. याचा अर्थ, रूपाच्या पातळीवर गोगलगायीतली गाय उघडते. अर्थाच्या पातळीवर ती दाबली जाते किंवा पुढे पोचतच नाही. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. उत्तरपदच दिशाभूल करणारे असेल तर शब्द ओळखायला जास्त वेळ लागतो. व्याकरणाला गाय दिसते आणि अर्थाला दिसत नाही, हा सुरुवातीचा पेच मला यामुळे बराच सुटल्यासारखा वाटतो.

मावळातच याचे फार चांगले उदाहरण पिकते. आंबेमोहोर. आंबा आणि मोहोर हे दोन्ही तुकडे रोजचे, स्वच्छ अर्थाचे. पण शब्दाने दाखवलेली वस्तू आंबाही नाही आणि मोहोरही नाही. तो तांदूळ आहे. आंब्याच्या मोहोरासारखा वास येणारा, म्हणून हे नाव. ज्याने हा भात शिजताना वास घेतला आहे त्याला शब्द पारदर्शी आहे, इतरांना नाही. म्हणजे पारदर्शीपणा नुसता शब्दात नसतो, तो वाचकाच्या अनुभवातही असतो. याच आंबेमोहोराच्या वंशातल्या, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी वाणाच्या नावात वाचकाला फोडण्यासारखे काहीच नाही. ते नदीचे नाव आहे आणि ते अख्खेच उचलावे लागते.

सांधा कुठे आहे, हे कसे कळते?

तुकडे करायचे तर ते कुठे करायचे हे आधी कळायला हवे. इंग्रजीतही ही अडचण आहे, पण देवनागरीत ती अधिक ठळक आहे, कारण शिरोरेघ सगळा शब्द एका दमात बांधून टाकते.

उच्चारापासून सुरुवात करू. आपण ‘भातखाचर’ लिहितो, पण म्हणतो ‘भात्-खाचर्’. ‘त’मधला अ सांध्यावर गळतो. हा अ कुठे म्हणायचा आणि कुठे गाळायचा, हे अक्षरांवर लिहिलेले नसते. ते सांधा ओळखूनच ठरते. ‘जनगणना’ हा शब्द ‘जन’ आणि ‘गणना’ यांचा आहे हे माहीत नसेल तर तोंडून ‘जनग-णना’ येते. पहिली-दुसरीतले मूल ‘हातरुमाल’ वाचताना ‘हातरु’पाशी थांबते आणि ‘माल’ म्हणून पुढे जाते, तेव्हा त्याला अक्षरे येत नसतात असे नाही. त्याला सांधा सापडलेला नसतो. लिहिलेला मजकूर बोलून दाखवणाऱ्या संगणकांनाही आपल्या भाषांत हीच अडचण छळते.

सरावलेल्या वाचकाला मराठी भाषा बऱ्याच खुणा देते. एक खूण ऱ्हस्वदीर्घाची. ‘कवी’ एकटा असताना दीर्घ, ‘कविसंमेलन’मध्ये ऱ्हस्व. ‘शक्ती’ दीर्घ, ‘शक्तिपीठ’ ऱ्हस्व. संस्कृतातून आलेला मुळात ऱ्हस्व इकारान्त किंवा उकारान्त शब्द पूर्वपदी आला की तो ऱ्हस्वच लिहावा, असे मराठी साहित्य महामंडळाच्या आणि शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांत आहे. विद्यार्थ्यांना हा नियम जाच वाटतो. वाचकाच्या बाजूने पाहिले तर त्याचा उपयोग कळतो. ‘कवि’ असे ऱ्हस्व दिसले की शब्द इथे संपलेला नाही, पुढे काहीतरी आहे, हे डोळ्याला त्याच थांब्यात समजते. फिनिशमध्ये अशीच एक खूण आहे. तिथे काही स्वर एका साध्या शब्दात एकत्र येत नाहीत. ते एकत्र दिसले तर मध्ये सांधा असतो. लांब पूर्वपद असलेल्या शब्दांत वाचक या खुणेचा फायदा घेतात, हे बर्ट्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले. मराठीतल्या ऱ्हस्व इकाराचे काम त्याच जातीचे आहे, असे माझे मत आहे.

दुसरी खूण रूपाची. पूर्वपद विभक्तीशिवाय येते. ‘घाटाचा माथा’मधला ‘चा’ गेला आणि ‘घाटमाथा’ झाला. काही शब्द तर जोडीत शिरताना अंगच बदलतात. पाणी ‘पाण’ होते: पाणवठा, पाणलोट, पाणकोंबडी. घोडा ‘घोड’ होतो: घोडदौड. फूल ऱ्हस्व होते: फुलपाखरू, फुलदाणी. ‘पाण’ एवढे वाचल्यावर, ते एकटे राहू शकत नाही हे मराठी वाचकाला ठाऊक असते.

लिंगही मदतीला येते. ‘जुनी घाटवाट’ घ्या. ‘जुनी’ स्त्रीलिंगी, ‘घाट’ पुल्लिंगी. ‘जुनी घाट’ इथवर वाचून झाले की व्याकरणच सांगते, विशेषणाचा धनी अजून यायचा आहे. ‘जुना घाटरस्ता’मध्ये मात्र ही मदत मिळत नाही, कारण तिथे दोन्ही तुकडे पुल्लिंगी आहेत.

एखादे नाव दोन ठिकाणी तुटण्याचा धोका असतो तेव्हा या खुणांचे मोल कळते. ‘राजमाची’ हा शब्द ‘राज’ आणि ‘माची’ असा तुटतो. अक्षरांपुरते पाहिले तर तो ‘राजमा’ आणि ‘ची’ असाही तुटू शकेल. पण मराठी व्याकरणात ‘राजमा’चे सामान्यरूप ‘राजम्या’ होते आणि उसळ ‘राजम्याची’ होते. त्यामुळे ‘म्या’ऐवजी नुसता ‘मा’ पाहून मराठी वाचक किल्ल्याकडे वळतो.

शेवटच्या तुकड्याची ओळखही कामाला येते. पुणे-लोणावळा लोकलने जाताना कासारवाडी, बेगडेवाडी, घोरावाडी ही स्थानके लागतात. ‘वाडी’ने संपणारी नावे आपण इतकी पाहिलेली असतात की नवे गाव असले तरी तिथे अडायला होत नाही, नजर अनोळखी पहिल्या तुकड्यावर सगळा वेळ खर्च करू शकते. ज्या तुकड्याचे असे मोठे शब्दकुटुंब असते तो लवकर ओळखला जातो, हेही बायेन आणि श्रोडर यांच्या कामातून पुढे आले आहे.

करून पाहा

*घरातल्या कोणाला तरी खालील यादी मोठ्याने, न थांबता वाचायला सांगा. प्रत्येकापुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणायचे. म्हणजे हा मराठी शब्द आहे की नाही.*

*पायवाट, फोयठुमण, पाणवठा, घाटलेमुंठ, झिंटलेमुंठ, डोंगरकडा, पायठुमण, मीठभाकर.*

*‘घाटलेमुंठ’ आणि ‘पायठुमण’पाशी वाचणारा किंचित रेंगाळतो का, ते ऐका. मग एखाद्या लहान मुलाला ‘हातरुमाल’, ‘जनगणना’ आणि ‘लाकूडतोड्या’ वाचायला द्या आणि तो कुठे श्वास घेतो ते पाहा.*

कार्ल्याचे ‘सेलघर’ आणि मोडीची ओळ

सांधे हुडकण्याचे काम आपल्या पूर्वजांना आपल्यापेक्षा पुष्कळ अवघड होते. मळवलीजवळच्या कार्ला लेण्यातला चैत्य इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा आहे. तिथल्या एका ब्राह्मी लेखात वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल याने हे काम पुरे केल्याची नोंद आहे. त्यात लेण्यासाठी शब्द वापरला आहे ‘सेलघर’. शैल म्हणजे खडक, त्यातले घर. प्राकृत भाषेतला, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा हा जोडशब्द आजच्या मराठी वाचकाला निम्मा तरी लगेच कळतो, कारण ‘घर’ जसेच्या तसे आहे. त्या काळच्या लेखांत शब्दांमध्ये जागा सोडण्याची नियमित पद्धत नव्हती. जोडशब्दाचाच नव्हे, तर प्रत्येक शब्दाचा सांधा वाचणाऱ्यानेच शोधायचा.

मोडी लिपीतही तेच. आधी कागदभर आडवी रेघ मारायची आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची. शब्द कुठे संपला हे दाखवणारी जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. पेशवे दफ्तरातले लाखो कागद असे आहेत. मोडी वाचायला शिकणारे सांगतात की अक्षरे ओळखू येऊ लागल्यावरही कितीतरी दिवस ओळ लागत नाही. ती लागते ती त्या काळच्या भाषेची, हुद्द्यांची, गावांच्या नावांची ओळख झाल्यावर. ‘तळेगाव दाभाडे’ हे नाव आधीच माहीत असेल तर ओळीतून ते आपोआप वेगळे होते. वर जे दोन रस्ते सांगितले, त्यांचा इतका रोखठोक पुरावा शोधूनही मिळणार नाही. अख्खा शब्द मनात असेल तर सांधा शोधावा लागत नाही.

तुकडे कळले, नाते कोणते?

सांधा सापडला, दोन्ही तुकडे ओळखले, तरी काम संपत नाही. ‘घाटमाथा’ म्हणजे घाटाचा माथा, ‘घाटरस्ता’ म्हणजे घाटातला रस्ता, ‘पायवाट’ म्हणजे पायी जाण्याची वाट. ‘शेंगदाणाचिक्की’ म्हणजे शेंगदाण्याची केलेली. आणि ‘शेंगदाणा’ हाही मुळात जोडशब्दच, इतका मुरलेला की त्यातली शेंग आपल्याला आता जाणवत नाही. या प्रत्येक जोडीत दोन तुकड्यांमधले नाते वेगळे आहे आणि ते शब्दात कुठेही लिहिलेले नाही. वाचक ते स्वतः भरतो.

क्रिस्टिना गान्ये आणि एडवर्ड शोबेन यांनी १९९७ मध्ये मांडले की हे नाते भरताना आपण पूर्वपदाच्या सवयीवर भरवसा ठेवतो. ‘डोंगर’ हा पहिला तुकडा असला की बहुधा ‘डोंगरातले’ हे नाते असते, म्हणून नवा शब्द आला तरी तेच आधी सुचते आणि ते बरोबर असेल तर अर्थ लवकर लागतो.

आपल्या व्याकरणकारांनी हे नाते फार पूर्वी हेरले होते. पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात समासाची चर्चा केली. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. शाळेत घोकलेला ‘विग्रह’ म्हणजे हे लपलेले नाते उघड करून सांगणेच. ‘पुरणपोळी’ला मध्यमपदलोपी म्हणतात, कारण ‘पुरण घालून केलेली पोळी’ यातले मधले शब्द गाळलेले असतात. ते वाचकाच्या मनाने भरायचे असतात. कोणते पद प्रधान, यावरून केलेली अव्ययीभाव, तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीही ही विभागणी आणि आजच्या प्रयोगशाळेतली पारदर्शी-अपारदर्शी ही विभागणी एक नव्हे. ‘लंबोदर’ बहुव्रीही आहे, पण त्यातले लांबही कळते आणि उदरही. तरीही उत्तरपदाला वाचक किती महत्त्व देतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

मावळातल्या लोकांनी ठेवलेल्या नावांत हे नाते भरण्याचे कौशल्य दिसते. लोहगडाच्या लांब, अरुंद माचीला ‘विंचूकाटा’ म्हणतात. व्याकरणाने ते ‘विंचवाचा काटा’. पण गडावर उभे राहून त्या सोंडेकडे पाहिले की ‘विंचवाच्या नांगीसारखी दिसणारी माची’ एवढे सगळे त्या दोन तुकड्यांत बसल्याचे कळते. खंडाळ्याजवळच्या सुळक्याला ‘नागफणी’ म्हणणाऱ्याने तेच केले. लोणावळ्याच्या नावात लेणी आणि त्यांची आवली, म्हणजे रांग, आहे असे सांगितले जाते. ही व्युत्पत्ती माहीत असलेला माणूससुद्धा स्थानकावरची पाटी वाचताना लेण्यांची रांग मनात आणत नाही. वापराने ते नाव आता अख्खे झाले आहे.

जागा सोडावी की जोडून लिहावे?

मराठीत हल्ली जोडशब्द तोडून लिहिण्याची सवय वाढली आहे. मावळात जागोजागी ‘कृषी पर्यटन केंद्र’ अशा पाट्या दिसतात. नियमाने ते ‘कृषिपर्यटन केंद्र’ हवे. तोडले तर बिघडते काय, असे विचारणाऱ्याला देण्यासारखे उत्तर संशोधनात आहे.

आल्ब्रेख्ट इनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये जर्मनमधले लांब जोडशब्द मुद्दाम जागा सोडून वाचायला दिले. तुकडे लवकर ओळखले गेले, पण सगळे मिळून एक अर्थ लावायला वाचक शेवटी अडखळले. जागा सांधा दाखवते, पण हे सगळे मिळून एकच शब्द आहे हे सांगत नाही. संयोगचिन्हाबाबत, म्हणजे मधल्या आडव्या छोट्या रेघेबाबत, बर्ट्राम आणि ह्यूना यांनी २०१३ मध्ये फिनिश वाचकांवर पाहिले तेव्हा लांब जोडशब्दांत तिची मदत झाली, आखूड शब्दांत अडचण. शाळकरी मुलांवरच्या त्यांच्याकडच्या अभ्यासात, दुसरीतल्या मंद वाचणाऱ्या मुलांना ही रेघ उपयोगी पडली, तर वेगाने वाचणाऱ्यांना आणि मोठ्या मुलांना तिने उलट थांबवले.

हे प्रयोग मराठीवरचे नाहीत आणि देवनागरीची घडण वेगळी आहे. पण डोळ्याच्या उड्या आणि थांबे माणसाचे आहेत, लिपीचे नाहीत. म्हणून मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. दोन पदांचा आखूड जोडशब्द सलगच लिहावा: घाटमाथा, भातशेती, पाणीकपात. तीन-चार पदांची माळ झाली तर अर्थाचा मुख्य सांधा पाहून तिथेच एकदा तोडावे. ‘अपघातप्रवण क्षेत्र’ बरोबर, ‘अपघात प्रवण क्षेत्र’ नको, कारण ‘प्रवण’ एकटे सुटले की वाचकाला मागे उडी मारावी लागते. आणि पूर्वपदाचा ऱ्हस्व इकार पाळावा. शुद्धलेखनाच्या गुणांसाठी नव्हे, तर वाचणाऱ्याला पुढच्या तुकड्याची वर्दी मिळावी म्हणून.

घरात वाचायला शिकणारे मूल असेल तर ते ‘हातरु-माल’ म्हणेल तेव्हा अख्खा शब्द सांगून मोकळे होऊ नका. ‘हात’वर बोट ठेवून पुढचे झाका, मग बोट उचला. आणि घाटात, गावात, शाळेत पाट्या रंगवून घेणाऱ्यांना विनंती आहे की मजकूर रंगाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्यातले सांधे एकदा मोठ्याने वाचून पाहा.